उजवीकडून उघडायची वही

नांदेडच्या आमच्या शाळेतल्या कारकुनावर माझा विश्वास नव्हता. तेव्हा निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दूत. घरात मॅट्रिकला बसणारा मी पहिलाच. नापास झालो तर वडील मला बिलोलीला शेतावर परत नेणार होते. हे त्याला कुठून कळलं, कोण जाणे. रोज मला गाठून तो हळू आवाजात सांगायचा, "पहिल्या घंटीला वही भेटंल, दुसऱ्या घंटीला सवालांचा पर्चा. पर्चा उर्दूत हाय, वही उजवीकडून उघडायची, बिलोलीवाले. तुमचे पोरं घाबरले की मराठीसारखी डावीकडून उघडतेत. तसली वही कुणी तपासत न्हाई."

एवढी आस्था कशासाठी? तो कधी काही मागतो, याचीच मी वाट बघत होतो.

गणिताच्या दिवशी वही मिळताच मी घाईघाईनं ती उघडली. दौतींत शाई घालत फिरणारा तो माझ्यापाशी थांबला. मुलांच्या वहीला हात लावायची त्याला सक्त मनाई होती. त्यानं माझी वही मिटली, उलटी करून ठेवली आणि पुढं गेला. मी डावीकडून सुरुवात केली होती.

पास झाल्यावर पेढे घेऊन मी कचेरीत गेलो. चार माणसांदेखत त्यानं मला वरखाली न्याहाळलं.

"कौन मियाँ तुम? पैले कब्बी देखे नै," तो म्हणाला.

पेढे मात्र दोन घेतले.