अहो, पिशवी धरा!

मशीनवर काढलेलं चिकनकारीचं भरतकाम हातचं म्हणून खपवायला येणाऱ्यांना मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवते. मुद्दा हा की मी सहजी फसत नाही, आणि भूतखेत, दैवी चमत्कार वगैरे तर मुळीच मानत नाही. तरीही जूनमधला तो प्रकार लिहून काढतेय... तुमच्यापैकी कुणाला उलगडला तर जरूर सांगा.

आम्ही मूळचे सांगलीचे. ह्यांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे लखनौला आलो आणि इथलेच झालो. निशातगंजमधलं कुर्त्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं — अमीनाबादच्या ठोक व्यापाऱ्यांशी घसा फोडून भांडत. आमची पद्धत ठरलेली आहे. भाव मी करायचा. हे लांब, ओळख नसल्यासारखे उभे. सौदा पटला की मी हाक मारते, "अहो, पिशवी धरा!" की हे हजर. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

तर आमच्या मराठी मंडळाची बस कुमाऊंला निघाली होती. सकाळी काठगोदामला चहा झाला, बस घाट चढू लागली, अंताक्षरी रंगली. तेवढ्यात ह्यांनी ड्रायव्हरकडून माइक घेतला.

"मंडळी, डोंगर अजून जागेवर आहेत, कारण आमच्या हिने तोंड उघडलेलं नाही. अमीनाबादेत ही दिसली की दुकानदार शटर ओढतात!"

अख्खी बस हसली. कुलकर्णी वहिनी तर जरा जास्तच. माझं डोकं सणकलं. ज्या आवाजावर घर चाललं त्याची चारचौघांत चेष्टा? मी जाहीर केलं, "आता संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलणार नाही."

"यार, ये तो ट्रिप का बोनस हो गया!" कुलकर्णींची मुलगी मागून म्हणाली.

आणि मी खरंच बोलले नाही. भवालीला वहिनी फळवाला मागेल त्या भावाने आडू, म्हणजे पीच, घेत होत्या, जीव तुटत होता... तरी नाही.

रामगढच्या पुढे एका वळणावर चहाच्या टपरीपाशी बस थांबली. माझ्याखेरीज सगळे उतरले. हे छत्री उचलत म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने दरीतून धुकं वर आलं, इतकं दाट की समोरची टपरी दिसेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एकेक करत सगळे परतले. हे नाहीत.

"काका तो उधर नीचे, पगडंडी पे गए थे," कुलकर्णींची मुलगी म्हणाली.

ह्यांचा गुडघा अधू, त्यात धुक्यात चष्म्याची काच पांढरी होणार. मी धावत खाली उतरले, हाक मारायला तोंड उघडलं... आणि घशातून नुसती हवा आली. आवाज फुटलाच नाही! राग कुठल्या कुठे पळाला. वहिनींचा हात घट्ट धरून उभी राहिले. बाकीचे "काका, काका" ओरडत होते, पण दरी ते ओरडणं चारी बाजूंनी परत फेकत होती. कोण कुठून बोलावतंय, काही कळेना.

आणि धुक्यातून हे आले. निवांत. एक हात पुढे केलेला.

"कुठंय पिशवी?"

मी रिकामे हात दाखवले.

"अगं, किती भांडलीस त्या आडूवाल्याशी! 'भैया, ऊपर अच्छे और नीचे सड़े? पूरी टोकरी पलटो!' पार खालपर्यंत ऐकू येत होतं. मग म्हणालीस, 'अहो, पिशवी धरा.' म्हणून वळलो."

"काका, काकू तो कुछ बोली ही नहीं!"

"काय गं, सगळे मिळून माझी फिरकी घेताय?"

"देवाशप्पथ, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून चकार शब्द नाही. आम्ही सगळे साक्षीदार आहोत... फार छान गेला हो वेळ."

धुकं विरल्यावर ड्रायव्हर ह्यांना घेऊन पायवाटेने खाली गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं. हे जिथून वळले, तिथे ह्यांची छत्री पडली होती, आणि तिच्या पुढ्यातच वाट खचून दरीत गेली होती.

एव्हाना माझा आवाज परत आला होता; मी टपरीवाल्याला त्या आडूवाल्याबद्दल विचारलं. "आड़ू वाला? यहाँ कौन खरीदेगा, माताजी? सबके अपने पेड़ हैं."

ड्रायव्हर म्हणाला, देवीची कृपा. असेलही. पण देवी सांगलीच्या मराठीत नवऱ्याला हाक मारेल, टोपली उलटी करायला लावेल? मंडळातल्या डॉक्टरांचं म्हणणं, माणूस घाबरला की मेंदू ओळखीचा आवाज तयार करतो. पण हे घाबरलेच नव्हते! पुढे वाट नाही हे ह्यांना ठाऊकच कुठे होतं?

काल पुन्हा विषय निघाला.

"तूच होतीस," हे म्हणाले.

"मी बसमध्ये फुगून बसले होते."

"मला तुझा आवाज कळत नाही होय? तूच."

चहा दोनदा गार झाला. पण माणूस समोर बसून माझ्याशी भांडतोय... तूर्तास मला तेवढं पुरे आहे.