करपलेलं खोबरं

माझ्या धाकट्या जावेचा खून मी येसर आमटीत विष घालून केला. कागदावरच केला, पण मनापासून केला.

बीडच्या एका पेपरात मी कित्येक वर्षं दर रविवारी पाककृती लिहिते. येसर म्हणजे भाजून दळलेली धान्यं, डाळी आणि मसाले. आमच्याकडच्या लग्नातली आमटी त्याच्याच जिवावर होते. त्यावर मी तीन लेख लिहिलेत. पण नात्यात लग्न ठरलं की निरोप जातो नांदूरघाटला, धाकटीला. "येसर तेवढं धाकटीच्या हातचं." लेख लिहिणारी मी मात्र पंगतीत मीठ वाढायला! माझ्या पोटात दुखायचं, आणि ते ओव्यानं थांबणारं दुखणं नव्हतं.

यंदा संपादक म्हणाले, "पाककृती आता मोबाईलवर फुकट मिळतात, मॅडम. स्वयंपाकघरातला एखादा खून लिहा." मारायचं कुणाला, याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

कथा अशी: येसरासाठी गावात नावाजलेली एक बाई. तिच्या डब्यात कुणीतरी विष कालवतं. विष कडू, पण येसरातलं खोबरं करपलेलं, म्हणून तो कडवटपणा तिला खोबऱ्याचाच वाटतो. ती दोन वाट्या आमटी पिते आणि आडवी होते.

कथा देण्याआधी मी मुद्दाम नांदूरघाटला गेले. धाकटीनं स्वतःला ओळखावं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात, एवढीच इच्छा. ती डाळ भाजत होती. मी ओट्याला टेकून सगळी कथा वाचून दाखवली.

"लई भारी लिवलंय, अक्का," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "पण ती बाई मरतीच कशी?"

"विषानं."

"तसं न्हाई. येसरासाठी नावाजलेली म्हणता ना? मंग तिचं खोबरं करपंल कावून? मी तर तवा उतरवून नुसत्या धगीवर परतते. आमटी कडू लागली की पहिल्या घोटालाच थुंकंल की ती." आणि अगदी सरळपणे पुढे म्हणाली, "खोबरं तुमचं करपतं, अक्का. दर खेपंला. दादा बोलत न्हाईत म्हणून." दादा म्हणजे माझा नवरा.

तिनं टोमणा मारला असता तर मला किती बरं वाटलं असतं! पण ती कथेत गुंतली होती, खून नीट जमावा म्हणून विचार करत होती. आणि हेही तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. परतीच्या एसटीत मी चडफडत कथेतली ती खोट बुजवायच्या सगळ्या वाटा शोधल्या. एकही सापडली नाही.

घरी येऊन कथा पुन्हा लिहिली. आता मरणारी बाई पेपरात पाककृती लिहिते. तिचं खोबरं नेहमीच करपतं आणि घरात कुणी बोलत नाही. ती दोन वाट्या पिते. तिला काहीच कळत नाही.

संपादकांना कथा फार आवडली. म्हणाले, "बाई अगदी खरी वाटते."