नमुन्याबरहुकूम बोल्ट

सुट्या भागांच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत, आणि ते नाव उगाच पडलेलं नव्हतं. कुणी जुना बोल्ट आणला की काका चष्मा कपाळावर सरकवत, खोक्यातून नवा काढत आणि दोन्हींचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरत. मधून उजेडाची बारीक रेघ जरी दिसली, तरी नवा बोल्ट परत खोक्यात. तीस वर्षं हेच केलं. पण एकाही ट्रकच्या इंजिनात ते कधी डोकावले नव्हते. "आपलं काम नमुन्याशी," असं म्हणत आणि नाकावर माशी बसू देत नसत.

अशा माणसाच्या काउंटरवर ट्रकवाल्या ताईंनी सकाळी सकाळी बोल्ट आणून आपटला. अंगठ्यापेक्षा जाड, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला पट्ट्याची पुली धरून ठेवणारा. ताईंनी थोरल्या भावाचा जुना ट्रक विकत घेतला होता आणि शाळांना बाकं पोहोचवायचं काम मोठ्या खटपटीनं मिळवलं होतं. त्यात दोनदा भर रस्त्यात बोल्ट सैल झाला, पुली डुगडुगली, पट्टा निसटला. बाकांच्या गोदामातल्या मुकादमानं बजावलं होतं, आज दोनपर्यंत गाडी गोदामाशी लागली नाही, तर काम दुसऱ्याला.

"काका, हाही सैल झाला. तुम्हीच दिलेला, दुसरा."

"शक्यच नाही. तुमच्या नमुन्याबरहुकूम आहे तो. मिस्त्रीनं नीट आवळला नसेल."

"पान्यात पाइप घालून दोन माणसं लोंबकळली. आता काय हत्ती बोलवू? दादाला विचारलं, तर तो म्हणतो, त्यात काय, मी दर महिन्याला आवळायचो."

काकांचा हात थांबला. "दर महिन्याला? अहो, हा काय बाजेचा दोर आहे?"

त्यांनी इंजिनचा नंबर विचारला होता, आटे तपासले होते, लांबी मोजली होती. पण नमुन्यावर मात्र त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. तोच चुकीचा असला तर? त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, बोल्ट उचलला, शटर अर्धं ओढलं आणि ताईंबरोबर गॅरेजची वाट धरली. शेजारचा टायरवाला बघतच राहिला.

गॅरेजात मिस्त्रीनं रेडिएटर उतरवून ठेवला होता. काका गुडघे टेकून पुलीसमोर बसले, तिच्या भोकात पेन्सिल तळाला लागेपर्यंत घातली आणि जिथं भोकाची कड आली तिथं नखानं खूण केली. मग पेन्सिल बोल्टाशेजारी धरली. बोल्टाची दांडी तीन मिलिमीटर जास्त निघाली.

"म्हणजे टोक आधी तळाला टेकतंय," मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "पाना अडतो, आम्हाला वाटतं बसला घट्ट. पण डोकं पुलीला दाबतच नाही!"

"तुमचा दोष नाही," काका म्हणाले. हे म्हणताना त्यांना जड गेलं. "दोन्ही वेळा मीच चुकीचा माल अगदी अचूक मोजून दिला."

ताईंनी तिथूनच भावाला फोन लावला. "हो, बोल्टाच्या डोक्याखाली मूळची एक जाड चकती होती की," भाऊ निवांत म्हणाला. "एकदा वाटेत बोल्ट खोलला, तेव्हा गटारात गेली. पण माझं काही अडलं नाही हं!"

"तुझं कशाला अडेल? तू विकून मोकळा!" ताईंनी फोन ठेवला.

काका धापा टाकत दुकानात गेले आणि पाच मिलिमीटरची कडक पोलादी चकती व नवा बोल्ट घेऊन आले. आता टोक तळापासून दोन मिलिमीटर अलीकडे राहिलं. मिस्त्रीनं काकांनाही हाताशी घेऊन बोल्ट आवळला, रेडिएटर चढवला. इंजिन सुरू झालं तेव्हा पुली जागच्या जागी सरळ फिरत होती. ताईंचा जीव भांड्यात पडला, पण घड्याळात दीड वाजून गेला होता.

"मीही येतो," काका म्हणाले आणि धडपडत केबिनमध्ये चढले.

गोदामाशी पोहोचले तेव्हा दोनला पाच मिनिटं होती, पण दारात दुसरा ट्रक आधीच येऊन उभा होता. मुकादमानं मान हलवली. "ताई, वेळेत आलात, मान्य आहे. पण पुन्हा वाटेत बंद पडला तर? शाळेला मी काय सांगू?"

दोनदा तोंडघशी पडलेल्या ताईंनी कुठल्या तोंडानं खात्री द्यायची?

काका खाली उतरले. विकलेल्या मालाची हमी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती. "दोष सापडलाय, काढलाय," ते म्हणाले. "तरी शेवटच्या शाळेपर्यंत मी गाडीत बसतो. बंद पडली तर उरलेली बाकं मी डोक्यावरून नेईन."

मुकादमानं त्यांचं पांढरं डोकं पाहिलं, कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहिले आणि दुसऱ्या ट्रकवाल्याला जायची खूण केली.

"यात भरा रे!" तो हमालांवर ओरडला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसंच वाहू देत त्या मागचा फाळका पाडायला धावल्या.