बेटकरांकडे जायची तयारी

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतीच्या पोटातल्या काळोख्या विहिरीत, दोन मजल्यांच्या अधेमधे काम. संध्याकाळी घरी आला की ग्रीसने काळे झालेले हात घासघासून धुवायचा आणि रेडिओ सेटपुढे बसायचा. बातम्यांचा रेडिओ नव्हे, हौशी लोक जगभरात एकमेकांशी बोलतात तो. मामा तोंडाने बोलायचाच नाही. एका छोट्या खटक्यावर बोट ठेवून टकटक करत अक्षरं पाठवायचा, आणि पलीकडून तशीच टकटक यायची.

पलीकडे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या हवामान केंद्रातला माणूस होता. वारा मोजायचा, रोज एक फुगा आकाशात सोडायचा. त्याचं खरं नाव मामाला ठाऊक नव्हतं. त्या दुनियेत लोक सांकेतिक अक्षरांनीच ओळखले जातात. मामीने त्याचं नाव ठेवलं बेटकर. "बसले बेटकरांशी गुलूगुलू करायला," ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची. "माझी सवत समुद्रात राहते, म्हणून भांडायला जाता येत नाही एवढंच."

मामाचा पहिला प्रश्न रोज ठरलेला, वारा कसा आहे? मग दोघं एका सहलीचे बेत करायचे. मामाने बेटावर यायचं, तंबू ठोकायचा, आठवडाभर राहायचं. तंबू पश्चिमेला ठोक, तिथे सूर्यास्त छान दिसतो, असं बेटकर सांगायचे. पाणी बरोबर आण, इथलं मचूळ आहे. जेवण उघड्यावर ठेवू नकोस, पक्षी ताट पळवतात. लहानपणी मी मामाकडेच राहायचे, आणि आलेली अक्षरं तो मोठ्याने वाचायचा, ती मी रोज ऐकत होते. जायला कुणाकडेच सवड नव्हती, पण बेत मात्र तपशीलवार व्हायचे.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास मामा एकदा म्हणाला, "बेटकरांचा हात बदललाय."

प्रत्येकाच्या टकटकीची एक ढब असते, आवाजासारखी. बेटकरांची सलग आणि घाईची होती, ती आता अडखळत यायला लागली होती. मामाने विचारलं तेव्हा उत्तर आलं, मनगट दुखतंय. मामाने ते मान्य केलं. आणखी एक गोष्ट बदलली. तंबू पश्चिमेला नको, पूर्वेला ठोक. तेही मामाने मान्य केलं.

पुढे काही वर्षांनी हवामान केंद्र बंद झालं. बोट आली आणि सगळ्यांना घेऊन गेली. निरोपाचा संदेश घेऊन मामा सेट बंद करून उठला आणि न जेवता झोपला.

पण महिनाभराने त्याने मला फोन केला. "टकटक येतेय गं. सेटचा काटा त्याच जागी. अगदी बारीक. अक्षरं लागत नाहीत, पण हात बेटकरांचाच आहे. पहिला हात."

"मामा, बेटावर कुणीच नाही आता."

"तेच तर."

त्यानंतर सहलीची खरी तयारी सुरू झाली. मामाने तंबू आणला आणि बैठकीच्या खोलीत उभा केला. सोफा भिंतीला उभा करून ठेवावा लागला. तो रोज तंबू पाडायचा, पुन्हा ठोकायचा. एकदा मी गेले तर मामी तंबूत बसून चहा पीत होती. हसत होती, पण मला जवळ ओढून कुजबुजली, "मला भीती वाटते गं. हे जेवताना मधेच घास थांबवतात. मान वाकडी करून ऐकत राहतात. आणि खरं सांगू का, परवा मलाही ऐकू आलं."

त्या बेटावर वर्षातून एकदा पक्षी मोजणाऱ्यांना घेऊन बोट जाते, असं मामाने शोधून काढलं. त्याने बोटवाल्या बाईंना फोन लावला, तेव्हा फोन स्पीकरवर होता, मी आणि मामी तिथेच होतो. दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत, मोडकंतोडकं बोलणं चाललं होतं. केंद्रातला माणूस माझा मित्र, असं मामाने सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे थडग्याच्या दर्शनाला येताय होय?"

बेटकर तापाने गेले होते. बोट पोहोचेपर्यंत उशीर झाला, म्हणून त्यांना तिथेच पुरलं. केंद्र बंद व्हायच्या कितीतरी आधी. मामी बोटांवर हिशेब करू लागली आणि मधेच थांबली. मनगट दुखायला लागलं त्याच सुमारास.

"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो?" मामाने फोनलाच विचारलं.

बाईंनी केंद्रातल्या स्वयंपाक्याचा नंबर दिला. मामाने तो लावला. पलीकडच्या म्हाताऱ्या आवाजाने मामाची सांकेतिक अक्षरं एकदा स्वतःशीच म्हणून बघितली. मग म्हणाला, "तुमचा फोन कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. टकटक मला त्यानेच शिकवली होती. तो गेल्यावर तुम्हाला कळवायलाच मी सेटवर बसलो. तुम्ही विचारलंत, वारा कसा आहे. मी खिडकीतून बघितलं आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारलंत."

"तंबू पश्चिमेला नको म्हणालात..."

"तो तिथे आहे."

मामा रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "आणि आता कोण वाजवतंय?"

"आता?" स्वयंपाकी म्हणाला. "मी मुलीकडे राहतो हो. माझ्याकडे सेट नाही."

मला वाटलं, आता बेत रद्द. पण मामीनेच तंबू गुंडाळायला घेतला. "अहो, बघताय काय? खुंट्या मोजा. मी पण येतेय."

त्या उन्हाळ्यात दोघं गेले. पुढचं मला मामीने सांगितलं. केंद्राचं छप्पर उडालेलं होतं, तारांचा खांब आडवा पडलेला. वीज नाही, सेट नाही, वाजवण्यासारखं काही म्हणून नाही. मामाने तंबू पश्चिमेलाच ठोकला, थडग्याला लागून. थडग्यावरची पाटी वाऱ्याने नेली होती. बोटवाल्या बाईंनी बेटकरांचं खरं नाव सांगितलं, नवी फळी दिली, रंग दिला. मामा ब्रश धरून बसून राहिला. त्याला ते नाव लिहवेना. शेवटी मामीने लिहिलं.

परतीच्या बोटीत तो म्हणाला, "एकच माणूस गेला गं, पण मला दोघं गेल्यासारखं वाटतंय. दुसऱ्याने मला सगळं खरं सांगितलं, फक्त ते मनगट आणि स्वतःचं नाव सोडून. आणि मला कळत होतं. हात काय ओळखू येत नाही? मीच विचारलं नाही."

आल्यावर त्याने सेट विकला. तंबू शेजाऱ्यांना दिला. कामावर नेमाने जायला लागला, अंगही जरा भरलं. मामी म्हणाली, सुटलो एकदाचे.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीला मामाच आला. मी दारातून विहिरीत डोकावले. तो लिफ्टच्या टपावर उभा होता, पाना हातात तसाच, मान वाकडी.

"काय झालं रे मामा?"

"काही नाही. दोर वाजतायत."

दोर हलत नव्हते. मी तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने मामाने पाना उचलला, लोखंडावर हलकेच दोनदा आपटला, आणि मला म्हणाला, "जा तू. मला वेळ लागेल."