वाजवून दिलेली घागर

मला एक सांगा, भांड्याच्या दुकानात घागर घ्यायला गेलात, तर भरवसा कोणावर ठेवाल? डोळ्यावर, कानावर, की दुकानदारावर?

डोळ्यावर ठेवू नका. पॉलिश केलेलं पितळ डोळ्याला हमखास फसवतं. दुकानदारावर ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण दुकानदार मीच आहे. राहिला कान. बोटाच्या गाठीनं वाजवली की चांगली घागर 'टन्न' म्हणते आणि बराच वेळ म्हणतच राहते. चीर गेलेली 'ठक्क' म्हणून गप्प बसते. मेहकरच्या बाजारात चाळीस वर्षं मी याच कानावर दुकान चालवलं. आणि गेल्या वर्षी त्या कानानंच धोका दिला.

ते सांगतोच. पण दुकानाचं असं असतं, की भांडी विकली जातात आणि किस्से शिल्लक राहतात. त्यांचा स्टॉक कधी क्लिअर होत नाही! त्यात आमची सून वैशाली बी.एड. करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याशेजारी बसून शैक्षणिक मानसशास्त्र मोठ्यानं वाचते. तिला असाइनमेंट आली : 'मी कशी शिकले? सिद्धांतांच्या आधारे स्वतःकडे पाहा.' ती एकेक सिद्धांत वाचायची आणि मी मध्येच म्हणायचो, "थांब वैशाली, हे तं आपल्या दुकानात झालं होतं!"

शेवटी कंटाळून ती म्हणाली, "बाबा, माझं मी पाहते. तुमचं तुम्हीच लिहा."

म्हणून हे लिहायला बसलो.

* * *

पहिला सिद्धांत मांजराचा. मांजराला पेटीत कोंडलं. ते धडपडलं, नखं मारली, चुकून खटका दाबला गेला आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी जरा लवकर उघडलं, तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. चुकत चुकत शिकणं.

ते मांजर म्हणजे मी! दहावीत इंग्रजीनं आडवं पाडल्यावर सुलतानपूरहून मेहकरला आलो आणि या दुकानात लागलो. तेव्हाचे मालक कमी बोलायचे. रोज सकाळी वीस घागरी ओळीनं मांडायचे. त्यात एक चिरलेली. "शोध," एवढंच म्हणायचे. चुकलो, की विसाच्या वीस चिंचेनं घासायच्या.

पंधरा दिवसांत माझ्या हातांची सालं निघाली. मग डोकं चालवलं. चिरलेली घागर सापडली, की तिच्या बुडाशी खडूचा बारीक ठिपका देऊन ठेवला. पुढचे चार दिवस मी पहिल्याच फटक्यात बरोबर! मालक म्हणाले, "वा! कान तयार झाला की बे तुहा!"

पाचव्या दिवशी पाहतो, तर विसाच्या वीस घागरींवर ठिपके. मालक पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चिंच आतल्या खोलीत आहे."

* * *

दुसरा सिद्धांत कुत्र्याचा. खाणं द्यायच्या आधी रोज घंटी वाजवली, तर पुढे नुसत्या घंटीनंही कुत्र्याला लाळ सुटते.

आमच्या समोर कापडाचं दुकान आहे. ते लोक बरोब्बर एक वाजता जेवायला जातात आणि शटर धाडकन खाली ओढतात. तीस वर्षं ते शटर पडलं की मी डबा उघडतो. घड्याळाकडे बघावंच लागत नाही.

एकदा त्यांच्या शटरची दुरुस्ती निघाली. मिस्त्री सकाळपासून वर-खाली करत होता. सव्वाअकराला ते एकदा जोरात आदळलं आणि मी हिशेब बाजूला सारून सगळा डबा संपवला! एकला खरोखरीचं शटर पडलं, तर पुन्हा डब्याकडे हात. डबा रिकामा.

वैशालीनं तो कुत्र्याचा धडा वाचून दाखवला, तेव्हा माझी बायको सुमन तिथंच होती. ती म्हणाली, "त्या कुत्र्याची निस्ती लाळ गळे. तुम्ही तं पोळ्याही खाल्ल्या!"

* * *

सुमनवरून आठवलं. तिसरा सिद्धांत माकडाचा. केळं उंचावर टांगलं. माकडानं उड्या मारल्या, मग शांत बसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम लक्षात आलं की खोका सरकवून त्यावर चढता येतं.

एकदा दोन मोठी पातेली एकात एक रुतून बसली. सोनाळ्याच्या एका गिऱ्हाईकाला ती जेवणावळीसाठी तातडीनं हवी होती. मी ओढलं, हमालानं ओढलं, गिऱ्हाईकानं पाय लावून ओढलं. तेल सोडलं, ठोकलं. दोन तास गेले. सुमन डबा घेऊन आली. एक मिनिट उभी राहिली. मग आतल्या पातेल्यात माठातलं थंड पाणी ओतलं आणि बाहेरचं पातेलं गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवलं. पाच मिनिटांत आतलं पातेलं हाताच्या एका झटक्यानं बाहेर!

शाळा तिची चौथीपर्यंतची. मी आजही ते आठवून मनात सलाम ठोकतो. तो धडा ऐकल्यावर मी कौतुकानं तिला म्हणालो, "सुमन, तू त्या दिवशी अगदी या माकडासारखं केलं."

तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मंग दोन तास उड्या मारत होतं ते कोन होतं?"

* * *

आता रहीमचाचा. आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांना कल्हई करतात. वय सत्तरीच्या पुढे. मी या दुकानात आलो तेव्हापासून त्यांची भट्टी तिथंच आहे. भांडं किती तापलं ते त्यांना धुराच्या वासावरून कळतं. चीर आहे की नाही हे सगळा बाजार त्यांच्याकडूनच टिचकी मारून तपासून घेतो. कथील फिरवून कापसाचा बोळा असा फिरवतात, की आत चेहरा पाहून घ्यावा. एकच खोड : समोर बसल्याशिवाय बोलत नाहीत. पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाहीत. बाजार म्हणतो, म्हाताऱ्याला कलेची गुर्मी आहे. असू दे म्हटलं, शोभते!

वैशालीनं एक फॉर्म आणला. माणूस कसा शिकतो : पाहून, ऐकून, की करून? तीन रकाने. ती चाचांच्या समोर बसली. "चाचा, तुम्ही कसे शिकले?"

चाचांनी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. दहा बोटांवर डागच डाग.

"मी जळून शिकलो, बेटा. त्याचा रकाना हाय का त्याच्यात?"

वैशालीनं पट्टी घेतली आणि फॉर्मवर चौथा रकाना आखला.

* * *

आता जे सांगायला सुरुवातीलाच जीभ अडखळली होती ते.

गेल्या वर्षी लग्नसराईत सुलतानपूरचे तुकारामभाऊ आले. आमच्याच गावचे. मोठ्या मुलीचं लग्न होतं, पितळेची घागर हवी होती. दुकानात गर्दी होती. मी घागर उचलली, वाजवली. आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. गेले काही महिने तसंच वाटत होतं. मी समजायचो, बाजारात गलका वाढलाय. म्हणालो, "घेऊन जा. पक्की आहे."

आठ दिवसांनी तुकारामभाऊ परत आले. मांडवात पाणी भरून ठेवलेली घागर पाहुण्यांसमोर गळाली होती. जोडापाशी केसाएवढी चीर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घागर हळूच काउंटरवर ठेवली आणि म्हणाले,

"शेठ, तुम्ही वाजवून देल्ली होती, म्हनून मी नाही वाजवली."

मी घागर बदलून दिली. ते वाक्य कशानं बदलून देणार?

त्या दिवसापासून एकेक घागर मी तीन-तीनदा वाजवायला लागलो. ज्या दुकानात माझा शब्द चालत नाही, तिथं बसू कशाला? पण कान गेला हे कोणाला सांगायचीही हिंमत होईना.

* * *

सांगायची वेळच आली नाही. एक दिवस वैशालीनं पुस्तकातून मान वर केली.

"बाबा, शटर पडून अर्धा तास झाला. तुम्हाले भूक नाही लागली?"

"आज नाही लागली."

तिनं पुस्तक मिटलं. "घंटी वाजूनही खाणं नाही भेटलं तं सवय तुटते, असं लिहिलं आहे याच्यात. पण हळूहळू तुटते, बाबा. तीस वर्षांची सवय एका दुपारी तुटत नाही." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

माझा कान गेल्याचं निदान त्या कुत्र्याच्या धड्यानं केलं! बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नंतर फक्त सही केली आणि मशीन दिलं. मशीननं समोर बोलणारी माणसं ऐकू येतात, लांबचं नाही. घागरी मात्र सगळ्या सारख्याच वाजतात, पत्र्याच्या डब्यासारख्या.

* * *

मी चाचांच्या समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कान, तुकारामभाऊ, त्यांचं ते वाक्य. "चाचा, आता तुम्हीच भांडी वाजवत जा. तुमचा कान अजून शाबूत आहे."

चाचा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला.

"अरे वसंता, मले तं वीस वर्षं झाले, काहीच ऐकू येत नाही!"

मी उडालोच. "मग माझ्याशी बोलता ते?"

"तुहं तोंड पायतो. अन् मेहकरात लोक रोज तेच तेच तं बोलतात!"

म्हणजे वीस वर्षं सगळा बाजार ज्या माणसाकडून भांडी तपासून घेत होता, तो ठार बहिरा! गुर्मी कसली नि काय! त्यांनी घागर उचलली, डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलली आणि उजव्या हातानं टिचकी मारली. "हे पाय. पक्क्या घागरीची झिणझिण मनगटापर्यंत येते. चिरलेली नखापाशीच मरते."

मी बोटं लावली. काहीच कळलं नाही.

"मले कळाले दोन वर्षं लागले," चाचा म्हणाले. "तू तं शेठ आहेस, तुले तीन लागतीन."

वैशालीनं लगेच पुस्तक उघडलं. एकट्याला जे जमत नाही, पण जाणत्यानं हात धरला की जमतं, त्या जागेला म्हणे तिच्या शास्त्रात वेगळं नाव आहे. मला ती जागा माहीत आहे. आमच्या ओट्यावर, भट्टीच्या उजव्या बाजूला.

चाचांनी अट घातली : "विसातून वीस ओळखल्याबिगर गिऱ्हाईकाले 'पक्की आहे' म्हनाचं नाही." तोवर सगळी भांडी त्यांच्याच बोटांतून जाणार.

मग रोज सकाळी वीस घागरी. वैशाली मांडायची, मी डोळे मिटून बोटांवर तोलायचो. वही तिच्याकडे, बरोबर आणि फुली. पहिल्या दिवशी नऊ बरोबर, दुसऱ्या दिवशी सात! आणि चुकलो की आतल्या खोलीतून चिंचेची वाटी यायची. या जुन्या नियमाची आठवण चाचांना कोणी करून दिली, ते मी अजून शोधतोय. सुमन मात्र हसते.

* * *

या वर्षीच्या लग्नसराईत तुकारामभाऊ पुन्हा आले. धाकट्या मुलीचं लग्न. मला वाटलं होतं, हा माणूस पुन्हा पायरी चढणार नाही. ते चढले आणि म्हणाले, "शेठ, घागर पायजे."

मी म्हणालो, "तुकारामभाऊ, मागच्या वेळेस मले घागर ऐकूच येत नव्हती. अजूनही येत नाही."

त्यांनी माझ्या कानातल्या मशीनकडे पाहिलं. "तवाच काऊन नाही सांगतलं?"

"भेत होतो."

"अन् आता?"

"आता बोटांनी शिकून राह्यलो. काल एकोणीस आले. वीस आल्याबिगर तुम्हाले मी माझ्या हातानं घागर देत नाही."

ते ओट्यावर बसले. मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "मांडा मंग. मी आज बसतो."

वैशालीनं वीस घागरी मांडल्या. त्यात चाचांना माहीत असलेली एक चिरलेली. मी डोळे मिटले. सातवी घागर नखापाशी मेली, मी बाजूला काढली. "बराबर," चाचा म्हणाले. आठ, नऊ, दहा, सगळ्या मनगटापर्यंत आल्या. सुमन डबा हातात घेऊन उभीच होती. अठरावी हातात आली. टिचकी मारली. थोडा थांबलो आणि तीही बाजूला ठेवली.

चाचांनी ती स्वतःच्या बोटांवर घेतली. टिचकी मारली. मान हलवली. "ही पक्की आहे, वसंता."

वैशालीनं फुली मारली. शेवटच्या दोन बरोबर आल्या. एकोणीस.

तुकारामभाऊ उठले. ती अठरावी घागर त्यांनी नळाखाली भरली, बाहेरून कोरडी पुसली आणि ओट्याच्या कोरड्या फरशीवर ठेवली. "चहा मांगवा," म्हणाले.

चहा आला, पिऊन झाला. समोरचं शटर पडलं. मला ते सुमननं हात दाबला म्हणून कळलं. तेवढ्यात चाचा वाकले. घागर दोन्ही हातांनी उचलली. खाली फरशीवर ओली, काळी चकती उमटली होती.

चाचांनी त्या ओलीवर बोट टेकवलं, कपाळाला लावलं. "बेटा, माह्या नावानं मांड एक फुली."

"वीस!" तुकारामभाऊ ओरडले. "विसातून वीस! द्या शेठ आता, तुमच्या हातानं द्या!"

सुमन डोळे पुसत होती. वैशालीनं वही उघडली, रबर काढलं आणि माझ्या नावापुढची ती फुली खोडायला लागली.

मी तिचा हात धरला.

"नको. त्या घागरीत माह्या बोटांले काहीच समजलं नव्हतं. तुकारामभाऊ पाहून राह्यले होते, भेव वाटलं, म्हनून बाजूले ठेवली. एकोणीसच राहू दे, वैशाली. हिशेब खरा ठेवजो."