कोपरा फाटलेलं कार्ड

विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या पोरांना मी भर वर्गात झापायची. आमच्या घरात तर आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून अपशकुन हा शब्द काढायचीही सोय नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला मान वर करवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बुलढाण्याच्या एका कॉलेजातली मंडळी गावोगाव फिरून जुनी पत्रं गोळा करत होती. साध्या माणसांचे कागदही जपून ठेवले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. हिवरा आश्रमाजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीनं आपली पत्रांची पिशवी माझ्याकडे दिली. तिला अक्षरओळख नाही. "तू नीट लावून ठेव, मंग आपन दोघी जाऊ," म्हणाली.

झालं, माझ्या अंगात शाळेतल्या बाई संचारल्या. जेवणाच्या टेबलावर पत्रं पसरली, गंजलेल्या टाचण्या काढल्या, धूळ झटकली. मधेच एक पोस्टकार्ड हाती आलं, कोपरा फाटलेलं. कुणी गेल्याचं कळवताना पाठवणारा कार्डाचा कोपरा फाडायचा. असं कार्ड वाचून लगेच टरकावायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. माझे हात आपोआप चालले. कार्डाचे तुकडे केले, कचऱ्यात टाकले आणि वर साबणानं हात धुतले. विज्ञानाच्या बाईंनी! सकाळी घंटागाडी कचरा घेऊन गेली.

कॉलेजात एक तरुण प्राध्यापिका एकेक पत्र उलगडून मावशीला वाचून दाखवत होती आणि मगच जाड कागदाच्या पाकिटात ठेवत होती. मावशी मात्र पुढच्या पत्रांच्या कडा अंगठ्यानं चाचपत होती. शेवटी म्हणाली, "कोपरा फाटेल कार्ड नाही दिसून राह्यलं."

मी उरलेल्या पत्रांच्या कडा सारख्या करू लागले.

"माह्या लहान्या भावाचं होतं," ती प्राध्यापिकेला सांगू लागली. "भुसावळले कामाले होता. बाबानं कार्ड वाचलं, पोरगा गेला एवढंच बोलला, अन् आंगनात फेकलं. म्या उचलून लपवलं. घरात ठेवू नाही म्हनतात, म्हनून कोनाले दाखवलं नाही." मग तिनं पिशवी उलटी करून झटकली. "माह्याच हातून पडलं असंन, बाई. म्हातारी झाली मी."

तिनं दोष स्वतःवर घेतला तेव्हा मात्र मला बसवेना. खोटं बोलणं सोपं होतं, तिनंच मला वाट काढून दिली होती.

"मावशी, मी फाडलं वो ते," मी म्हणाले. "कोपरा पाह्यला अन् फाडलं."

ती चिडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिनं माझा हात धरला आणि खुर्ची जवळ ओढली.

"फाडलं त् फाडलं, माय. पन आंधी वाचलं असंन नं तुनं? कशानं गेला, लिहेल होतं का? माहं नाव काढलं होतं का त्यानं?"

मी एक अक्षरही वाचलं नव्हतं.