केळ्यांच्या पानाची परीक्षा

संगणकावर सापडलेले अंकमोजणीचे एखादे पान पाच वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याजोगे आहे की नाही, हे कसे ओळखावे? हा प्रश्न मला आमच्या मोठ्या बाईंनी दिला. त्यामुळे उत्तर शोधताना प्रथम बाईच आठवतात.

गिरीज गावातल्या आमच्या बालवाडीच्या त्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका. दोन हजार सालानंतर सायबर कॅफे निघाले, तशा बाई दर शनिवारी मला घेऊन तुळिंजच्या एका कॅफेत जाऊ लागल्या. पडद्यावर पान उमटेपर्यंत त्या पर्समधले चिंचोके टेबलावर मांडून ठेवत आणि पानावरचे प्रत्येक उदाहरण स्वतः मांडून सोडवत. कॅफेचा मालक वैतागे. "टीचर, टाइम चालू आहे हां! प्रिंट मारू का?" बाई मान वर न करता म्हणत, "थांब रे बाबा. आधी मी पास होते का बघू दे."

पान कोणी लिहिले आहे, हे त्या आवर्जून शोधत. नाव सापडले नाही की म्हणत, "ज्याला सही करायची लाज वाटते, त्याच्याकडून आपण काय शिकायचं?" नुसती रंगीत चित्रे असलेली पाने त्या बाजूला सारत. पाच अंक असोत वा दहा, मुलाच्या बोटाला प्रत्येक वस्तूवर टेकायला जागा हवी, हा त्यांचा आग्रह असे.

या सगळ्या कसोट्यांवर उतरलेले एक पान त्यांनी मोठ्या हौसेने आणले. चौकोनाचौकोनात केळी, कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच, देठाशी जोडलेली. खाली संख्या लिहायची. संस्थेच्या चिटणीसांना ते इतके आवडले, की पहिलीत कोणाला पाठवायचे हे त्यावरूनच ठरवायचे, असे त्यांनी जाहीर केले.

माझ्या वर्गातल्या रोझीने प्रत्येक चौकोनाखाली एक हाच आकडा लिहिला.

"हिला एकाच्या पुढे येत नाही," चिटणीस म्हणाले. "वर्षभर मागे ठेवू." रोझीची आई ओट्यावर बसून राहिली. रोझीच्या बरोबरीची सगळी मुले जूनमध्ये पहिलीत जाणार होती.

बाईंनी रोझीला जवळ घेतले. "कसं मोजलंस गं?"

"एक फणी, एक फणी, एक फणी," रोझीने चौकोनांवर बोट ठेवत सांगितले. "पप्पा पण केळीच्या वाडीत तशीच मोजतात."

 बाईंनी शेजारच्या वाडीतून केळी मागवली, फणीचा पाच केळ्यांचा तुकडा कापून रोझीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाट सगळ्यांना." रोझीने एकेक केळे तोडून पाच मुलांना दिले आणि मान हलवली. "पाचच होती. तुम्हाला नाही उरलं, बाई."

चिटणीसांना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी पान चिंचोक्यांनी तपासलं. पोरीला विचारलंच नाही." रोझी पहिलीत गेली.

पान बाईंनी फाडले नाही. "पान वाईट नाही, फक्त त्याला आपली वाडी ठाऊक नाही," एवढेच म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्याकडून पानावर नाव असलेल्या लेखिकेला ई-मेल लिहून घेतला: केळी सुटी काढावीत, कारण आमच्याकडे फणी हीच एक असते. निवृत्त झाल्यावरही वाटेत भेटल्या की त्या विचारत, "उत्तर आलं का गं?" ते कधी आले नाही. बाई गेल्या, तरी ई-मेलचा तो इनबॉक्स मी अजून उघडून पाहते.

आता अशी पाने हवी तितकी मिळतात. मी आजही त्यांवरचे नाव शोधते, चिंचोके मांडते. पण निकाल मुलाशेजारी बसल्यावरच देते. माझ्या सांगण्यावर मात्र विसंबू नका. एखादे पान घ्या, घरातल्या किंवा शेजारच्या लहान मुलापुढे ठेवा, आणि उत्तर चुकले तर खोडण्याआधी विचारा, "कसं मोजलंस?" मग तुम्हीच पडताळून पाहा.